उणे चिन्ह आणि वाहकतेचा व्ही

बीएस्सीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र जोडीने घेतलं की पहिली ठेच बहुधा उष्मागतिकीत लागते. वायूला ५०० ज्यूल उष्णता दिली आणि त्याने दट्ट्या ढकलत २०० ज्यूल काम केलं. भौतिकशास्त्राची बरीच पुस्तकं उष्णतेतून काम वजा करतात. रसायनशास्त्राची मिळवतात, पण तिथे काम म्हणजे वायूवर झालेलं काम, म्हणून ते उणे २००. आंतरिक ऊर्जेतली वाढ दोन्हीकडे ३०० ज्यूलच. एकाचं सूत्र आणि दुसऱ्याचं चिन्ह घेतलं तर उत्तर ७०० येतं. एककांचंही असंच: १ इलेक्ट्रॉन व्होल्ट प्रति रेणू म्हणजे सुमारे ९६.५ किलोज्यूल प्रति मोल. हा आकडा पाठच हवा.

दोन्ही विषय खरे एकत्र येतात ते वाहकतेवरून (द्रावण वीज किती सहज वाहून नेतं त्यावरून) केलेल्या टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं मोजून ओतत प्रमाण काढण्यात. बीकरमध्ये ०.०१ नॉर्मल (नॉर्मल म्हणजे तीव्रतेचं एकक) हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली, ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटीच्या मोजनळीत, ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड). दर अर्ध्या मिलीला ढवळून रीडिंग घ्यायचं. वाहकता आधी घसरते, ५ मिलीनंतर चढते. आलेखावर इंग्रजी व्ही उमटतो. आधी घसरण, कारण हायड्रोजन आयन हायड्रॉक्साइडशी जुळून पाणी होतो आणि त्याची जागा सोडियम घेतो. हायड्रोजन आयनाची मोलर वाहकता (एका मोलमागची वाहकता) सुमारे ३५०, सोडियमची जेमतेम ५० (सीमेन्स चौरस सेंटिमीटर प्रति मोल). हायड्रोजन आयन पाण्यातून नुसता पोहत नाही, त्याचा प्रभार एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. साखळीची ही कल्पना ग्रोटहस या शास्त्रज्ञाने १८०६ सालीच मांडली होती. आम्ल संपलं की जास्तीचा हायड्रॉक्साइड (सुमारे १९९) सोडियमसकट येतो. म्हणून उतरती रेघ ३०० च्या (३५० वजा ५०) प्रमाणात, चढती २४९ च्या (१९९ अधिक ५०). व्ही किंचित तिरपाच हवा. दोन्ही बाजू अगदी सारख्या आल्या तर मला आधी वहीवरच शंका येईल.

सोडा आम्लाच्या दहापट तीव्र का? आम्लाइतकाच घेतला तर ५० मिली ओतावा लागेल, आकारमान दुप्पट होईल आणि रेघा वाकतील. दहापट घेऊनही द्रावण थोडं पातळ होतंच, म्हणून ५ मिलीला रीडिंग १.१ ने (५५ भागिले ५०) गुणायचं राहतंच. मग दोन्ही जास्त तीव्र का घेऊ नयेत? उदासिनीकरणात (आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवताना) मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता सुटते. आपल्या बीकरमध्ये अर्धा मिलिमोल, म्हणजे जेमतेम ०.१२ अंशाची वाढ. दोन्ही द्रावणं दहापट केली तर सव्वा अंश. वाहकता अंशामागे सुमारे २ टक्के वाढते, म्हणजे अडीच टक्क्यांची चूक फुकटात.

फिनॉल्फ्थॅलीनची, म्हणजे रंग बदलणाऱ्या दर्शकाची, सवय इथे नडते. अंत्यबिंदूजवळ, म्हणजे आम्ल संपतं त्या जागी, थेंबथेंब मोजत बसू नका. दोन्ही बाजूंना दूरचे पाच-सहा बिंदू घ्या, सरळ रेघा काढा, त्या जिथे छेदतील तो अंत्यबिंदू.

वाहकता मोजणाऱ्या सेलला (द्रावणात बुडवायच्या इलेक्ट्रोडच्या जोडीला) प्रत्यावर्ती (एसी) विद्युतप्रवाह लागतो, कारण एकदिश प्रवाहाने इलेक्ट्रोडवर विघटन सुरू होतं आणि मोजायचं द्रावणच बदलतं. इलेक्ट्रोडवर प्लॅटिनमचा काळा थर असेल तर तो पुसायचा नाही; ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचा आणि ओलाच ठेवायचा.