'अपडेट बंद कर देना': एका मागणीची पार्श्वभूमी

इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जुना लॅपटॉप नव्याने विंडोज टाकायला दिला, की गिऱ्हाईक निघता निघता एक सूचना हमखास देतं. घरी अस्सल मराठी बोलणारे रामबागेतले काकासुद्धा ती हिंदीतच देतात, "भैया, अपडेट बंद कर देना." दुकानदारालाही त्यात नवल वाटत नाही. तो एखादं छोटं टूल उघडतो, दोन क्लिक करतो आणि मशीन परत देतो.

बाहेरची टूलं वापरून अपडेट अडवणं ही कंपनीच्या मनमानीविरुद्धची लढाई आहे, असं इंग्रजीतून वाचणाऱ्याला वाटेल. आपल्याकडे ही सवय टूलांपेक्षा जुनी आहे आणि तिची कारणंही वेगळी आहेत.

१९९८ साली विंडोज ९८ सोबत विंडोज अपडेट आलं, तेव्हा ती नुसती एक वेबसाइट होती. मनात आलं तर जायचं, हवं ते उतरवून घ्यायचं. आपोआप अपडेट होण्याची सोय २००० साली विंडोज एमई या आवृत्तीत आली. तिच्यामागे जोर लागला तो २००३ मध्ये. त्या वर्षी जानेवारीत स्लॅमर आणि ऑगस्टमध्ये ब्लास्टर या दोन वर्मनी, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमनी, जगभरातली मशीन्स आडवी केली. दोन्हींवरचे पॅच, म्हणजे दोष बुजवणारे छोटे अपडेट, आधीच निघालेले होते. स्लॅमरचा तर सहा महिने आधी, ब्लास्टरचा साधारण महिनाभर आधी. लोकांनी ते लावलेच नव्हते. मग ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच एकत्र द्यायला सुरुवात केली. ते निघतात अमेरिकेतल्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणून बुधवारी सकाळी कियोस्कचं शटर वर जातं, फॉर्म भरायला आलेली पोरं दारात उभी असतात, आणि मशीन नेमकं त्याच वेळी डाउनलोडला बसतं.

पण २००४ च्या इंदुरात प्रश्न वेळेचा नव्हता, नेटचा होता. विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २, म्हणजे अपडेटांचा मोठा गठ्ठा, त्या ऑगस्टमध्ये आला. त्याची पूर्ण फाइल सुमारे २६६ एमबीची होती. डायल-अपवर ती उतरवायची तर घरचा फोन दहा-पंधरा तास अडकवून ठेवावा लागे, आणि मध्ये लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. पुढे बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. त्याच्या स्वस्त प्लॅनमध्ये महिन्याचा डेटा काहीशे एमबी, वर गेलात की प्रत्येक एमबीचे पैसे. थोड्या महाग प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ फुकट. ज्या घरात रात्री दोनचा गजर लावून डाउनलोड सुरू केलं जाई, तिथे मागच्या दाराने डेटा खाणारं काहीही चालू ठेवणं परवडणारं नव्हतं.

म्हणूनच बाहेरच्या टूलांची पहिली पिढी अपडेट अडवण्यासाठी नव्हती. ती अपडेट आणून देण्यासाठी होती. ऑटोपॅचर नावाचं टूल २००३ पासून एक्सपीचे सगळे पॅच एका गठ्ठ्यात देत असे. एकाने उतरवायचं, सीडीवर टाकायचं आणि दहा घरांत फिरवायचं. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचं वाटप थांबवायला लावलं. आमच्या फायली बाहेरच्यांनी वाटू नयेत, हे कंपनीचं म्हणणं कायद्याने बरोबरच होतं. पण ज्यांच्याकडे नेट नव्हतं त्यांच्या हातातलं साधन त्यामुळे गेलं, हेही तितकंच खरं. पुढे ऑटोपॅचर थेट मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून फायली ओढू लागलं. डब्ल्यूएसयूएस ऑफलाइन अपडेट हे टूलही त्याच पद्धतीचं.

दुसरं कारण चारचौघांत कोणी बोलत नसे. मशीनमधलं विंडोज विकत घेतलेलं नसायचं. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कॉपी खरी आहे की नाही हे तपासायला सुरुवात केली आणि ती तपासणी अपडेटमधूनच मशीनमध्ये उतरू लागली. कंपनी प्रत्येक अपडेटला केबी क्रमांक देते; या तपासणीचे क्रमांक एक्सपीसाठी केबी ९०५४७४, विंडोज ७ साठी केबी ९७१०३३. मेकॅनिकला स्वतःच्या गाडीचा नंबर आठवणार नाही, पण हे आकडे पाठ. ते अपडेट बसलं की डेस्कटॉप काळा होई, कोपऱ्यात 'नॉट जेन्युइन' झळके आणि गिऱ्हाईक भांडायला परत येई. तेव्हा विंडोज टाकल्या टाकल्या आधी अपडेट बंद करायचं, मग ड्रायव्हर टाकायचे, हा धंद्याचा क्रमच ठरून गेला. आजच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा अधिकृत विंडोज कंपनीतूनच येतं. क्रम मात्र सुटलेला नाही.

तिसरं कारण मराठी छपाईवाल्यांना विचारा. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणं, मंडळाची स्मरणिका हे सगळं काम वर्षानुवर्षं पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर चाललं. पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. त्यात युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामाईक पद्धत रुळण्याआधीचे मराठी फाँट, त्या फाँटांचा स्वतःचा कीबोर्ड ड्रायव्हर आणि लायसन्ससाठी मशीनच्या मागे खोचलेला डोंगल. विंडोजची आवृत्ती बदलली की यातला एखादा सांधा निखळतो. ड्रायव्हर चालत नाही किंवा डोंगल ओळखला जात नाही, आणि पडद्यावर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. लग्नाच्या मोसमात असं झालं तर प्रेसवाल्याला सुरक्षा वगैरे ऐकण्याची फुरसत नसते. त्याची भीती मला तरी रास्त वाटते.

विंडोज ८.१ पर्यंत हे सगळं टूलाशिवाय जमत होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये चार पर्याय होते आणि शेवटचा सरळ 'कधीच तपासू नका' असा होता. विंडोज १० सोबत तो पर्याय गेला आणि टूलांची दुसरी पिढी जन्माला आली.

साल २०१५. विंडोज ७ आणि ८.१ च्या मशीनवर केबी ३०३५५८३ आलं आणि घड्याळाशेजारी विंडोज १० चं निमंत्रण बसलं. अनेकांच्या मशीनवर न विचारताच काही जीबींची फाइल उतरून ठेवली गेली. आपल्याकडे तेव्हा एक जीबीचा मोबाइल पॅक अडीचशे रुपयांच्या आसपास होता, जिओ यायला अजून वर्ष होतं. मे २०१६ मध्ये तर कमाल झाली. निमंत्रणाची खिडकी कोपऱ्यातल्या फुलीने बंद केली तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होत नसे. आयुष्यभर फुली म्हणजे 'नको' हे शिकलेल्या माणसाने करायचं काय? याच काळात हे निमंत्रण अडवणारं जीडब्ल्यूएक्स कंट्रोल पॅनेल हे टूल आलं आणि सुरक्षातज्ज्ञ स्टीव्ह गिब्सन यांचं नेव्हर१० आलं. नेव्हर१० अगदी चिमुकलं होतं. मायक्रोसॉफ्टनेच ठेवलेल्या, पण सामान्य माणसाला न सापडणाऱ्या सेटिंग्ज ते बदलायचं, बाकी काही नाही.

विंडोज १० च्या होम आवृत्तीत अपडेट बंद करण्याचा पर्यायच नव्हता. प्रो आवृत्तीवाल्यांना ग्रुप पॉलिसी ही नियम ठरवण्याची सोय होती, होमवाल्यांना वायफाय 'मीटर्ड' म्हणजे डेटा मोजून वापरायचं म्हणून लावण्याची पळवाट. सर्व्हिसेसच्या, म्हणजे मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत जाऊन विंडोज अपडेट डिसेबल केलं तरी काही दिवसांनी ते पुन्हा चालू झालेलं दिसे. २०१८ च्या सुमारास अपडेट मेडिक नावाची एक वेगळी सर्व्हिसच आली. बिघडलेलं अपडेट दुरुस्त करणं हे तिचं काम, आणि मुद्दाम बंद केलेलं अपडेटही तिच्या लेखी बिघडलेलंच.

सॉर्डमच्या विंडोज अपडेट ब्लॉकरसारखी टूलं इथे चालली. एकच छोटी खिडकी: 'डिसेबल अपडेट्स' निवडा, खाली 'प्रोटेक्ट सर्व्हिसेस सेटिंग्ज'वर खूण करा, 'अप्लाय नाऊ' दाबा. जादू त्या दुसऱ्या खुणेत आहे. टूल सर्व्हिस बंद करतंच, शिवाय रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या, तिच्या नोंदीचे अधिकार असे बदलतं की विंडोजलाही ती सहज परत चालू करता येत नाही.

याला लोकांची साथ मिळायला कंपनीनेही कारणं पुरवली. ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच पुसून गेलं आणि काही दिवसांत मागे घ्यावं लागलं. पण त्याच्या आदल्याच वर्षी उलटंही घडलं होतं. १४ मार्च २०१७ ला पॅच आला आणि १२ मे ला वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म पसरला. ज्यांनी मधल्या दोन महिन्यांत पॅच लावला होता ते त्यातून सुटले. या तारखा अपडेट ब्लॉकर वापरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी, असं मला वाटतं.

मे २०१९ च्या आवृत्तीपासून होमवाल्यांनाही ३५ दिवसांपर्यंत अपडेट थांबवता येऊ लागलं आणि मोठं अपग्रेड कधी घ्यायचं हेही बऱ्याच अंशी त्यांच्या हाती आलं. इथेच ब्लॉकरची गरज बरीचशी संपायला हवी होती. दर महिन्याचे सुरक्षा पॅच आणि वर्षाकाठी येणारी नवी आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लॉकर दोन्ही बंद करतं, म्हणजे एक खोली गळते म्हणून गच्चीवरच्या टाकीचाच व्हॉल्व्ह फिरवण्यासारखं. गिब्सन यांचं नंतरचं इनकंट्रोल हे टूल फक्त आवृत्ती गोठवतं आणि पॅच येऊ देतं. प्रेसवाल्याला खरं तर हेच हवं असतं. दुकानात मात्र अजून ब्लॉकरच टाकून मिळतं, कारण गिऱ्हाईक मागतंही तेच.

आणि आता वारं फिरलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून आणखी एक वर्ष पॅच घेता येतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सेकंडहँड बाजारातली सहाव्या-सातव्या पिढीची ऑफिसमधून निघालेली मशीन्स त्यात बसत नाहीत. म्हणून लोक पुन्हा बाहेरच्या टूलांकडे वळले आहेत, पण या वेळी अपडेट मिळवण्यासाठी. स्लोव्हेनियातली ०पॅच ही सेवा विंडोज १० ला २०२५ नंतर निदान पाच वर्षं स्वतःचे छोटे पॅच देणार आहे. रूफस या टूलने विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएमची अट वगळता येते आणि जुन्या मशीनवर विंडोज ११ बसतं. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, एवढं मात्र पैसे मोजण्याआधी दुकानदाराकडून कबूल करून घ्यावं.