विंडोज १० चा सपोर्ट संपलाय, पण घाईत नवा कॉम्प्युटर घेऊ नका

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने दुकानात रोज दोन-तीन जण तरी हाच प्रश्न घेऊन येतायत, "अहो ते विंडोज १० बंद झालं म्हणे, आता आमचा कॉम्प्युटर चालायचा थांबणार का?" काउंटरवर उभं राहून प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढू म्हटलं. बिलासोबत पण देतोय, व्हॉट्सॲपवर पण टाकतोय.

तर पहिलं म्हणजे कॉम्प्युटर चालू राहणार. कुठल्याही सकाळी उठून तो बंद पडलेला दिसणार नाही. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, म्हणजे दर महिन्याला जे सिक्युरिटीचे अपडेट आपोआप यायचे ते आता तसे येत नाहीत. यात गोम अशी की विंडोज ११ मध्ये एखादं भोक सापडलं की मायक्रोसॉफ्ट ते बुजवतं, आणि बुजवलं कुठे ते बघून चोरांना कळतं की तेच भोक १० मध्ये पण असणार, आणि तिथे बुजवायला कोणी नाही. म्हणून धोका पहिल्या दिवशी वाटत नाही, तो महिन्यामहिन्याला साचत जातो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, दोन महिने आधीच निघालेला होता, ज्यांनी तो घातला नव्हता त्यांच्या फायली लॉक झाल्या, आणि जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट तर २०१४ लाच संपलेला, शेवटी मायक्रोसॉफ्टला त्याच्यासाठी वेगळा पॅच काढावा लागला. दर वेळी काढतील असं धरून चालू नका.

आणि हो, "तुमचं विंडोज एक्स्पायर झालंय, या नंबरवर फोन करा" असं स्क्रीनवर आलं किंवा कोणी फोन करून एनीडेस्क (आपला कॉम्प्युटर लांबून दुसऱ्याच्या हातात देणारं ॲप) टाकायला सांगितलं तर सरळ बंद करा. मायक्रोसॉफ्ट कोणाला असा फोन करत नाही.

तुमचं मशीन ११ ला चालेल का

प्रोसेसरचं नाव बघायचं. दिस पीसी वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. आय फाइव्हच्या पुढे जो नंबर असतो, समजा ८२५० किंवा ७४००, त्यातला पहिला आकडा म्हणजे जनरेशन, आणि चार-पाच आकडी नंबरात पहिला आकडा १ असेल तर पहिले दोन धरा, म्हणजे १०४०० हे दहावं जनरेशन. इंटेलचं आठवं किंवा पुढचं पाहिजे, एएमडी असेल तर ढोबळमानाने रायझन २००० सिरीजपासून पुढे. सातव्यातले काही मोजके अपवाद आहेत पण त्यांच्या भरवशावर राहू नका. बाकी टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा असं कागदावर लिहिलंय, पण ४ जीबीवर ११ चालवणं म्हणजे घाटात एसटीच्या मागे अडकल्यासारखं, ८ जीबी आणि एसएसडी (जुन्या हार्डडिस्कऐवजी बसते ती वेगवान डिस्क) असल्याशिवाय आम्ही टाकून देत नाही.

टीपीएम बघायला विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून इंग्रजीत टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. "सापडला नाही" असं आलं तर लगेच निराश होऊ नका, बऱ्याच वेळा तो बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) नुसता बंद असतो, इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावाने. आपल्याकडे असेंबल केलेल्या मशीनमध्ये अजून एक भानगड सापडते, बोर्ड नवा असतो पण विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असतं. त्याला फॉरमॅटच करायला लागतं असं नाही, डिस्क आहे तशी बदलून घेता येते, बॅकअप मात्र आधी. आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू आहे का ते बघा, असेल तर ती ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर आपल्याच घराच्या दाराबाहेर उभं राहायची पाळी येते.

मशीन बसत असेल आणि विंडोज १० ओरिजिनल असेल तर ११ फुकट मिळतं. क्रॅक असेल तर... आम्हाला विचारू नका, कारण ॲक्टिवेटरसोबत काय काय आत येतं ते आम्ही रोज साफ करतो.

मशीन बसत नसेल तर

घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट वाढवून मिळतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर आपल्याकडे ते फुकट आहे, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट. विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन पाहिजे, मग अपडेटच्याच स्क्रीनवर नोंदणीचा पर्याय दिसतो. ऑफिसच्या मशीनसाठी वेगळी योजना आहे, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढच्या वर्षी दुप्पट, मग परत दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. एखादं मशीन अडलंय म्हणून घ्यायचं तर ठीक, पण दहा मशीनसाठी घेण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने बदला.

नेटवरचे जुगाड करून जुन्या मशीनवर ११ घालता येतं, आम्हाला पण येतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, त्यामुळे दुकानाच्या बिलिंगच्या मशीनवर आम्ही ते करत नाही. नुसतं ब्राउझर, यूट्यूब, पोरांचा अभ्यास एवढंच असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकायची फुकटची सिस्टीम) छान चालतं, एकदा येऊन दुकानात बघून जा.

खरं काम मशीनचं नाहीच

हा भाग नीट वाचा. विंडोज घालायला अर्धा दिवस लागतो, पण जुन्या मशीनमध्ये काय काय दडलंय ते शोधायला आठ-पंधरा दिवस जातात, आणि गोंधळ तिथेच होतो. आमच्या हातून पण झालाय. २०२० मध्ये विंडोज ७ चा सपोर्ट संपला तेव्हा एका मेडिकलवाल्यांचं मशीन केलं, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, अख्खा डी ड्राइव्ह कॉपी केला, आणि टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा राहिला, कारण तो सी ड्राइव्हमध्ये युजर्सच्या आत पब्लिक फोल्डरमध्ये होता आणि आम्ही तिथे बघितलंच नाही. एका पेनड्राइव्हवर जुना बॅकअप निघाला, पुढची बिलं त्यांच्या अकाउंटंटने परत बसून भरली. तेव्हापासून आम्ही जुनी हार्डडिस्क काढून पाकिटात घालून गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि नव्या एसएसडीवर काम करतो, फॉरमॅट करतच नाही.

टॅलीवाल्यांनी अजून एक करायचं, मशीन बदलण्याआधी जुन्यावरून लायसन्स सरेंडर करायचं, मग नव्यावर ॲक्टिव्हेट करताना डोकेदुखी होत नाही.

काळ्या स्क्रीनवालं जुनं डॉसचं बिलिंग अजून वापरताय का? आडत दुकानांत आणि पतसंस्थांत अजून आहे, आणि खरं सांगायचं तर एंट्रीला त्याच्याइतकं फास्ट काही नाही. पण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि त्यावर असले १६ बिट प्रोग्राम सुरूच होत नाहीत. तुमचं आज चालतंय कारण मशीनवर ३२ बिट विंडोज आहे. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्राममध्ये ते चालवून बघता येतं, पण तिथून डॉट मॅट्रिक्सला प्रिंट काढणं हे वेगळंच प्रकरण आहे, त्यात नव्या बोर्डांवर त्या जाड वायरचा पॅरलल पोर्ट सहसा नसतोच. असं काही असेल तर महिनाभर आधी या, मार्च एंडला नको.

डीटीपीवाले आणि टायपिंगवाले, जुन्या पत्रिका, अर्ज, दाखल्यांचे नमुने युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत) नसतील तर नव्या मशीनवर तो फाँट नसला की अक्षरांची भेळ दिसते. फाँटच्या फायली वेगळ्या काढून घ्या, डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावायची किल्ली) कुठे आहे ते शोधा. डिजिटल सहीचं सर्टिफिकेट टोकनमध्येच (पेनड्राइव्हसारखं दिसतं त्यात) असतं, ते जात नाही, पण त्याचा ड्रायव्हर परत टाकावा लागतो आणि पिन माहीत पाहिजे, अंदाजाने परत परत चुकीचा टाकलात तर टोकन लॉक होतं. क्रोममधले पासवर्ड सिंक आहेत का बघा, "तो पासवर्ड कॉम्प्युटरलाच माहितीये" असं सांगणारे निम्मे तरी भेटतात. आणि ऑफिस २०१६ किंवा २०१९ वापरत असाल तर त्याचा सपोर्ट पण त्याच दिवशी, १४ ऑक्टोबरला, संपलाय.

नवा घ्यायचाच असेल तर जीएसटी नंबर देऊन पक्कं बिल घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. २०२५ च्या शेवटापासून रॅम महाग झालीये, त्यामुळे जुन्या मशीनमधली काढून नव्यात बसते का ते आम्ही आधी बघतो, पण जुन्या डीडीआर ३ प्रकारची असेल तर नाही बसत, उगाच वाद घालू नका. जुना विकताना हार्डडिस्क त्यात ठेवून देऊ नका.

तपासणीला येताना लॅपटॉपचा चार्जर आणा, मॉनिटर-कीबोर्ड नको, फक्त पेटी (सीपीयू), डोंगल आणि लॉगिनचा पासवर्ड. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पेटीला चिकटवू नका, आम्ही तुमच्याकडून टाइप करून घेतो.