जुन्या पिकअपला पॉवर स्टिअरिंग: आधी काय काय घडून गेलं

१९६७ ते १९७२ दरम्यान बनलेला शेव्रोले सी-१० पिकअप अमेरिकेतल्या हौशी लोकांचा लाडका आहे. तो दुरुस्त करायला घेतला की इंजिन आणि ब्रेकनंतर हात स्टिअरिंगकडे वळतो. कंपनीकडून तेव्हा पॉवर स्टिअरिंग जादा पैसे मोजून मिळायचं, त्यामुळे कितीतरी गाड्या साध्या स्टिअरिंगच्याच विकल्या गेल्या. आज ते स्टिअरिंग बदलणाऱ्यांना काही जण नावं ठेवतात. जुन्या गाडीचा जुनेपणाच काढून घेतला म्हणतात. मला हे पटत नाही. साध्या स्टिअरिंगचं गणित ज्या टायरांसाठी आणि ज्या कामासाठी मांडलं होतं, ते टायर आणि ते काम आता त्या गाडीला उरलेलंच नाही.

तेव्हाचा पिकअप म्हणजे शेताचं आणि दुकानाचं अवजार होतं. टायर अरुंद, बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या थरांच्या) जातीचे आणि कडक हवा भरलेले. चालकापुढे भलं मोठं स्टिअरिंग व्हील. स्टिअरिंग बॉक्सचं (व्हीलचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरपेटीचं) गुणोत्तर सुमारे २४:१, म्हणजे पिटमन आर्म (बॉक्समधून निघून चाकांचे दांडे हलवणारा हात) एक अंश हलायला व्हील चोवीस अंश फिरवायचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाचेक फेरे व्हायचे, पण प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर माणसाच्या दंडाला झेपेल इतकाच असायचा. गाडी थोडी जरी सरकत असली तरी व्हील बऱ्यापैकी हलकं लागायचं. आता त्याच गाडीला रुंद रेडियल टायर लावले, पुढे मोठं व्ही-८ इंजिन बसवलं, वर वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर चढवला, की उभ्या गाडीत चाक वळवताना रबर रस्त्यावर घासतं आणि तो सगळा विरोध हातात येतो.

गंमत अशी की पॉवर स्टिअरिंगचा उगम ट्रकच्याच कारखान्यात आहे. फ्रान्सिस डेव्हिस हा पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात इंजिनिअर होता. अवजड ट्रक वळवताना चालकांची होणारी दमछाक तो रोज पाहत असे. १९२२च्या सुमारास नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम इथे स्वतःची कार्यशाळा थाटली. जॉर्ज जेसप हा हत्यारं बनवणारा कसबी कारागीर त्याच्या सोबतीला होता.

डेव्हिसचं खरं यश झडपेत आहे. त्या काळच्या हायड्रॉलिक यंत्रांमध्ये तेल सतत दाबाखाली ठेवलेलं असे, त्यामुळे गळती आणि उष्णता दोन्ही पाठीला लागलेली. डेव्हिसने उलटा विचार केला. गाडी सरळ चालली असेल तेव्हा झडप मधोमध उघडी राहते आणि पंपाचं तेल दाबाशिवाय नुसतं फिरत राहतं. चालकाने व्हील फिरवलं की झडप एका बाजूची वाट आवळते, तेवढ्यापुरता दाब चढतो आणि पिस्टन ढकलला जातो. गरज असेल तेव्हाच, गरजेइतकीच मदत. आजही बहुतेक हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग याच तत्त्वावर चालतात. शंभर वर्षं टिकलेल्या या कल्पनेबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

१९२६ साली डेव्हिस आपली पिअर्स-ॲरो गाडी घेऊन डेट्रॉइटला गेला आणि जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला. कॅडिलॅकमध्ये हे स्टिअरिंग येणार असं ठरतही होतं. तेवढ्यात महामंदी आली. नवी यंत्रसामग्री उभारायचा खर्च कॅडिलॅकच्या मोजक्या विक्रीतून निघेना आणि १९३४ साली करार संपला. डेव्हिसने पुढे बेंडिक्स कंपनीशी हातमिळवणी केली, पण या शोधाला काम मिळालं ते युद्धात. शेव्रोलेने ब्रिटिश सैन्यासाठी बनवलेल्या ‘स्टॅगहाउंड’ या कित्येक टनांच्या चिलखती गाडीत पॉवर स्टिअरिंग होतं.

बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारीत ते १९५१ साली आलं, क्रायस्लर इंपीरियलमध्ये, ‘हायड्रागाइड’ या नावाने. डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांचा त्याला आधार होता. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सनेही आपल्या महागड्या मोटारींत पॉवर स्टिअरिंग दिलं. म्हणजे ट्रकचालकांच्या कष्टांतून सुचलेली सोय आधी श्रीमंतांच्या मोटारीत पोचली आणि शेतकऱ्याच्या पिकअपची पाळी फार उशिरा आली.

सुरुवातीला दोन वाटा होत्या. एक जोडकामाची: साधा स्टिअरिंग बॉक्स तसाच ठेवायचा आणि खालच्या दांड्यांना झडप आणि सिलिंडर जोडायचा. १९६३ची कॉर्व्हेट आणि १९६५ची मस्टँग यांत हीच रचना होती. होज (तेलाच्या नळ्या) फार, सांधे फार, त्यामुळे गळती ठरलेली. दुसरी वाट मिशिगनमधल्या सॅगिनॉ इथल्या जनरल मोटर्सच्या स्टिअरिंग विभागाने पक्की केली. याच विभागाचा फिरत्या गोळ्यांचा बॉक्स १९४०च्या कॅडिलॅकमध्ये आला होता. त्यात वर्म (आटे पाडलेला दांडा) आणि त्यावरचा नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या धावतात, म्हणून घर्षण कमी. पुढे तोच नट पिस्टनही झाला, झडपही बॉक्समध्येच बसली आणि सगळं एका ओतीव कवचात मावलं. जुन्या पिकअपमध्ये आज जे बसवतात ते बहुतेक याच घराण्यातलं. गुणोत्तर १६ ते १७.५च्या आसपास, त्यामुळे फेरेही कमी.

सी-१०चं काम त्या मानाने सुटसुटीत, कारण त्याच पिढीच्या गाडीतला पॉवर बॉक्स मिळू शकतो. पण तो साध्या बॉक्सपेक्षा लांब असतो, म्हणून स्टिअरिंगचा दांडा आखूड करावा लागतो, पिटमन आर्मही जुळणारा घ्यावा लागतो. मूळचा आर्म तापवून, वाकवून बसवू नये. घडीव पोलादाची ताकद अशा तापवण्याने बिघडते, आणि हा भाग तुटला तर हातात नुसतं फिरणारं व्हील उरतं. पंप निकामी झाला तर निदान दांड्यांची जोडणी शाबूत असते. स्टिअरिंग जड होतं, पण गाडी वळते.

त्याआधीच्या पिकअपची कथा वेगळी. १९४७ ते १९५५च्या शेव्रोलेला किंवा १९५३ ते १९५६च्या फोर्ड एफ-१००ला पुढे सरळ आय-बीम ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारी अखंड तुळई) आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). ड्रॅग लिंक (पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) गाडीच्या लांबीला समांतर धावते, म्हणजे पिटमन आर्म डावी-उजवीकडे न हलता पुढेमागे हलायला हवा. तसा बॉक्स टोयोटाच्या १९७९ ते १९८५च्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपला होता, तोही चेसिसच्या बाहेरच्या अंगाला. त्यामुळे अमेरिकन म्हाताऱ्या ट्रकला जपानी बॉक्स बसवायची पद्धत रुळली. काहींनी ॲक्सलच काढून फोर्डच्या मस्टँग-२ मोटारीची पुढची बांधणी आणि रॅक (बॉक्सऐवजी दातेरी पट्टीचं स्टिअरिंग) घातला. त्या रॅकला दाब कमी लागतो. त्यावर सॅगिनॉचा पंप जसाच्या तसा जोडला की स्टिअरिंग इतकं हळवं होतं की महामार्गावर जीव टांगणीला लागतो. पंपाचा दाब उतरवून घेतला की प्रश्न सुटतो.

सगळ्यात दुर्लक्षित बाब म्हणजे कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा (ज्या खुंटीभोवती चाक वळतं तिचा) मागे झुकलेला कोन. तो जास्त असला की वळणानंतर चाकं आपोआप सरळ होतात, पण वळवायला जोर लागतो. साध्या स्टिअरिंगच्या काळात तो मुद्दाम कमी ठेवत. पॉवर स्टिअरिंग बसवून कोन तसाच ठेवला, तर गाडी हलकी होते पण सरळ धरून चालत नाही, आणि दोष नव्या बॉक्सला दिला जातो. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये उतरत्या पाचरी घालून हा कोन वाढवता येतो. खर्च नाममात्र, फरक लगेच हाताला कळतो.

आपल्याकडे या इतिहासाचा एक धागा पुणे जिल्ह्यात सापडतो. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक इथे झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) या १९८१ साली स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना आहे. तिथे ट्रक-बससाठी पॉवर स्टिअरिंग बनतात. डेव्हिसने ज्यांच्यासाठी हा खटाटोप मांडला, त्या अवजड गाड्यांच्या चालकांसाठीच हे काम.

अलीकडे तेलालाच रजा देणारी तिसरी वाट निघाली आहे. विजेवर चालणारं स्टिअरिंग १९८८ साली सुझुकी सर्व्होमध्ये आलं. सॅटर्न व्ह्यू या मोटारीतली विजेची स्टिअरिंग मोटर आता हौशी लोक जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डखाली बसवतात आणि छोट्या नियंत्रकाच्या बटणाने मदत कमी-जास्त करतात. पंप नाही, पट्टा नाही, होज नाही. मूळचा स्टिअरिंग बॉक्स जागच्या जागी राहतो. मात्र जादा जोर आता त्याच जुन्या बॉक्समधून जातो. म्हणून आधी त्याचे बेअरिंग आणि प्ले (सैलपणा) तपासून घेतात, आणि अल्टरनेटर जुना, कमी ताकदीचा असेल तर तोही बदलतात.