स्ट्रट बार आणि चॅसिस ब्रेस

बॉनेट उघडल्यावर दोन सस्पेन्शन टॉवरच्या (पुढच्या चाकांचे स्प्रिंग-शॉकअप जिथे बॉडीला टेकतात ते उंचवटे) डोक्यावर आडवा बोल्ट केलेला दांडा दिसतो तो स्ट्रट बार. सबफ्रेमखाली (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) किंवा मागे डिकीत असेच दांडे लावतात, त्या सगळ्यांना मिळून चॅसिस ब्रेस म्हणतात.

उगमाबद्दल एकमत नाही. काहीजण रॅलीच्या गाड्यांकडे बोट दाखवतात, पण कंपनीनेच बसवल्याचा जुना दाखला १९६० च्या दशकातल्या फोर्ड मस्टँगचा आहे. अमेरिकेबाहेर खराब रस्त्यांवर जाणाऱ्या गाड्यांना टॉवरपासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) एक्स्पोर्ट ब्रेस यायचा, आणि १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये जोडीला टॉवर ते टॉवर माँटे कार्लो बार होता. हे नाव माँटे कार्लो रॅलीत उतरलेल्या फोर्ड फाल्कनवरून पडलं असावं असं मानतात. मला रस्त्याचं कारण जास्त पटतं, कारण मस्टँगची स्प्रिंग वरच्या आर्मवर (चाकाला बॉडीशी जोडणारा दांडा) बसते आणि सगळा दणका थेट टॉवरला देते.

आता खरा वाद, फायदा होतो का. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असतात तिथे, मोठ्या खड्ड्यात दोन्ही चाकं एकदम आदळली की दोन्ही टॉवर आत झुकायला बघतात, तिथे बार दाबला जातो आणि काम करतो. वळणावर मात्र टायरच्या आडव्या जोरामुळे दोन्ही टॉवर एकाच बाजूला ढकलले जातात, मग बार फक्त एकाचा भार दुसऱ्याला वाटून देतो, अख्खी बॉडी पिळली जाते ती तो थांबवत नाही. म्हणून फायरवॉलला तिसरा पाय असलेला त्रिकोणी ब्रेस केव्हाही चांगला. इंजिनावरून कमान करून गेलेला किंवा टोकांना बिजागरी असलेला बार त्यामानाने ढिला. ॲल्युमिनियम चकाकतं छान, पण त्याच मापाच्या स्टीलच्या साधारण एक तृतीयांशच ताठ असतं. डबल विशबोनच्या, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म असलेल्या गाडीत वळणाचा बराचसा भार खालीच राहतो, तिथे वरच्या बारचा उपयोग आणखी कमी.

छप्पर नसलेल्या गाडीला ब्रेस खरंच लागतो. साध्या हॅचबॅकला आधी चांगले टायर, मग शॉकअप आणि बुश (आर्मच्या सांध्यातले रबर), हे झाल्याशिवाय बारवर पैसे घालू नयेत. स्प्रिंग खूप कडक केल्या तर मात्र बॉडीच मऊ स्प्रिंगसारखी वागायला लागते आणि सस्पेन्शनचं सेटिंग बदललेलं कळत नाही, तेव्हा ब्रेस हवाच.

कोकणात गॅरेजवाले सोपी परीक्षा करतात, पुढचा एक कोपरा जॅकवर उचलायचा आणि त्या बाजूचं दार लावून बघायचं. चौकटीला घासलं, कुलूप नीट बसेना तर बॉडी पिळतेय, आणि जुन्या गाडीत ते बहुतेक गंजामुळे असतं. आंबोली नाहीतर कशेडीच्या वळणांवर पुढचं टोक उशिरा वळतं म्हणून बार आणणारे पुष्कळ, त्यातल्या बऱ्याच जणांचे खालच्या आर्मचे बुशच फाटलेले निघतात.

किनाऱ्यावर आणखी एक. बार टॉवरला जिथे बोल्ट होतो त्या पट्टीखाली खारं पाणी अडकतं, टॉवरचा रंग फुगतो आणि वरून काहीच दिसत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर पट्टी उघडून खाली ग्रीस लावावं, बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळावेत.