हौशी रॉकेटविद्येतील ट्रॅकर (नागपूर परिसर)

पॅराशूटने उतरलेले हौशी रॉकेट कुठे पडले हे कळावे म्हणून त्यात बसवलेले छोटे यंत्र म्हणजे ट्रॅकर. तो बसवावा की नाही, हे बहुतेक जण रॉकेटवर झालेला खर्च पाहून ठरवतात. वास्तविक दोनच गोष्टी पाहायच्या असतात: रॉकेट वाऱ्याने किती लांब जाईल आणि पडल्यावर जमिनीवर दिसेल का. नागपूरच्या आसपास दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पिकांबरोबर बदलत राहते.

पॅराशूटखाली रॉकेट सेकंदाला साधारण ५ मीटर वेगाने उतरते. ३०० मीटरवरून यायला त्याला मिनिटभर लागते. वारा सेकंदाला ३ मीटर असेल तर तेवढ्यात ते १८० मीटर सरकते. एवढे अंतर नजरेच्या टप्प्यातले आहे. १,००० मीटरवरून मात्र २०० सेकंद लागतात आणि वर वाराही जास्त असतो. तो ५ मीटर धरला तरी रॉकेट किलोमीटरभर लांब पडणार. माथ्यावर (उड्डाणाच्या सर्वांत उंच बिंदूवर) छोटे आणि १५० मीटरवर मोठे पॅराशूट उघडण्याची सोय केली, तर वरचा टप्पा सेकंदाला २० मीटरने संपतो आणि हेच अंतर ३६० मीटरच्या आसपास येते. तरी त्या उंचीवरचे हातभर रॉकेट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ट्रॅकर हवाच. सोनेगावच्या हवामान केंद्रातून फुगे सोडून वरचे वारे मोजले जातात. त्या नोंदी पाहून केलेला अंदाज जमिनीवर धूळ उडवून केलेल्या अंदाजापेक्षा खूप बरा.

ए, बी, सी अशा लहान वर्गांच्या मोटरींवर (मोटर म्हणजे रॉकेटला ढकलणारे इंधनाचे नळकांडे; सी म्हणजे एकूण जोर १० न्यूटन-सेकंदांपर्यंत) ट्रॅकर बहुधा नडतो. ६० ग्रॅमच्या रॉकेटमध्ये २५ ग्रॅमची भर पडली की उंची घटते आणि माथा लवकर येतो. पॅराशूट उघडणारा मोटरीतला दारूचा बार मात्र ठरलेल्या सेकंदालाच उडतो. तोवर रॉकेट तोंड खाली करून वेगात आलेले असते आणि पॅराशूट फाटते. एफ आणि जी या मोठ्या वर्गांपासून हे वजन सहज पेलते.

एप्रिलमध्ये वावरे रिकामी असतात आणि सकाळी वारा कमी असतो, तेव्हा मध्यम रॉकेटही ट्रॅकरशिवाय सापडते. दुपारी नाही: तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा पॅराशूटला उतरूच देत नाही. ऑक्टोबरपासून पऱ्हाटी (कपाशी) कमरेला लागते, तूर डोक्याच्या वर जाते, आणि दहा हातांवर पडलेले रॉकेटही दिसत नाही. बोंडे फुटल्यावर पांढरे पॅराशूट कपाशीत हरवते. काटोल-नरखेडकडे, ऐन संत्र्याच्या बहरात, नारिंगी पॅराशूट निवडणाऱ्याला काय म्हणावे! गडद गुलाबी बरा. शिवाय उभ्या पिकात चौघांनी शोधत फिरणे कोणत्याही कास्तकाराला चालणार नाही. ट्रॅकर असला की एकच माणूस दोन ओळींमधल्या तासातून सरळ आत जाऊन परत येतो. एरवी ज्या रॉकेटला ट्रॅकर लावला नसता, त्यालाही या दिवसांत लावावा तो यासाठी.

जीपीएस आणि लोरा (थोड्या शक्तीत लांबवर संदेश पोचवणारा) रेडिओची जोडी सर्वांत भरवशाची. भारतात ८६५–८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या शक्तीपर्यंत विनापरवाना वापरता येतो. बाहेरून मागवलेले ९१५ मेगाहर्ट्झचे संच या पट्ट्याबाहेरचे, ते घेऊ नयेत. (मोटरींचा प्रश्न वेगळा, स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या पेसोचे मुख्यालय नागपुरातच आहे.) कार्बन फायबर किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळीतून संदेश बाहेर पडत नाही, पुठ्ठा, फायबरग्लास चालतात. रॉकेट जमिनीवर आडवे झाले की किलोमीटरचा पल्ला काहीशे मीटरवर येतो. म्हणून उतरताना मिळालेले शेवटचे अक्षांश-रेखांश टिपून घ्यावेत, तिथवर चालत जावे आणि धुऱ्यावर (बांधावर) उभे राहून रिसीव्हर हात उंचावून धरावा; बहुतेकदा तुटलेला संपर्क परत जुळतो. किल्ल्यांना लावतात ते ब्लूटूथ टॅग जवळून जाणाऱ्या फोनवर अवलंबून असतात, त्यामुळे वावरात निरुपयोगी. साधा बझर शेवटच्या पन्नास मीटरांत, विशेषतः तुरीत, फार उपयोगी पडतो.

कोराडी, खापरखेडा आणि मौद्याच्या वीजकेंद्रांतून निघालेल्या उच्चदाब वाहिन्या या भागात सगळीकडे आहेत. ट्रॅकरने रॉकेट अशा तारेवर दाखवले तर ते काढायला जायचे नसते. वीज कंपनीला कळवावे.