इसार आणि आगाऊ हप्ता: दोन्ही ‘ॲडव्हान्स’, पण एक नव्हेत

दादर-गिरगावात घरूनच काम करणारा वेबसाइट डिझायनर असो, भाषांतरकार असो की लग्नसमारंभांचा छायाचित्रकार, नवे काम घेताना ग्राहकाला तो बहुधा ‘थोडा ॲडव्हान्स द्या’ एवढेच म्हणतो. या एका शब्दाखाली इसार आणि आगाऊ हप्ता अशा दोन निराळ्या रकमा येतात. दोन्ही कामाआधी मिळतात आणि दोन्ही शेवटी एकूण मोबदल्यातूनच वळत्या होतात, त्यामुळे काम सुरळीत पार पडले तर फरक जाणवतही नाही. मात्र काम अर्ध्यावर मोडले की हाती आलेला पैसा कोणाचा, हे त्या फरकावरच ठरते.

इसार ही दिलेला शब्द पाळला जाईल याची हमी असते आणि ग्राहकाने माघार घेतल्यास ती जप्त होऊ शकते. आगाऊ हप्ता हा मोबदल्याचाच एक भाग असतो. व्यवहार मोडल्यास झालेल्या कामाचे पैसे वजा करून उरलेली रक्कम परत करावी लागते. घरखरेदीच्या इसारपावतीमुळे मुंबईकराला पहिली कल्पना परिचित आहे, आणि न्यायालयांनी हा भेद स्पष्ट केला तोही मालमत्तेच्या व्यवहारांतच. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली इसाराचे 1,000 रुपये जप्त करू दिले, पण किमतीपोटी घेतलेले 24,000 रुपये जप्त करू दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्याच सतीश बत्रा खटल्यातील 2012 च्या निकालानुसार, जप्ती करायची असेल तर रक्कम हमीपोटी घेतली आहे हे करारात स्पष्ट असावे लागते. शिवाय भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार वाजवी भरपाईच मिळू शकते, म्हणून निम्म्या मोबदल्याला इसार म्हटल्याने तो इसार ठरेल, अशी आशा ठेवू नये.

माझ्या एका ग्राहकाने दोन आठवड्यांनी काम रद्द केले, तेव्हा माझ्या ईमेलमध्ये केवळ ‘ॲडव्हान्स 40,000’ असे लिहिलेले होते. त्या काळात मी नाकारलेल्या दुसऱ्या कामाची भरपाई मागायला मजकुरात काहीच आधार नव्हता आणि बरीचशी रक्कम परत करावी लागली.

छायाचित्रकाराची तारीख एकदा अडली की त्या मुहूर्तावर दुसरे काम मिळत नाही, म्हणून त्याला इसार हवाच. भाषांतरकाराला मात्र टप्प्यांचे हप्ते अधिक उपयोगी पडतात. मोठ्या कामात दोन्ही वापरावेत, असे माझे ठाम मत आहे. वेबसाइटचे काम 1,20,000 रुपयांचे असेल, तर 12,000 रुपये ‘इसार, ग्राहकाने काम रद्द केल्यास परत मिळणार नाही’ असे लिहून घ्यावेत आणि उरलेल्या रकमेचे 36,000 रुपयांचे तीन हप्ते पाडावेत: पहिला आराखड्याचे काम हाती घेण्यापूर्वी, दुसरा आराखडा मंजूर झाल्यावर, तिसरा चाचणी आवृत्ती दाखवल्यावर पण अंतिम फाइली देण्यापूर्वी. मंजुरी किती दिवसांत द्यायची आणि दुरुस्त्या किती वेळा करून मिळतील, हेही तिथेच लिहावे, कारण हप्ते अडकतात ते बहुतेकदा मंजुरीपाशी.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी ध्यानात ठेवावे की सेवेपोटी आगाऊ हप्ता हाती आला की बिल नंतर द्यायचे असले तरी कर लागू होतो, आणि त्या रकमेसाठी ‘रिसीट व्हाउचर’, म्हणजे आगाऊ रक्कम मिळाल्याची पावती, द्यावे लागते.

शेवटच्या हप्त्याला आणखी एक अट जोडता येते. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार स्वतंत्रपणे केलेल्या लेखनाचे किंवा संगणक-कोडचे हक्क सहीनिशी लेखी दिल्याशिवाय ग्राहकाकडे जात नाहीत, म्हणून ‘पूर्ण मोबदला मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील’ हे वाक्य करारात असावे. छायाचित्रकाराला ते विशेष जपून लिहावे लागते, कारण मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ग्राहकच असतो.