जपान रेल पास: कोणाला मिळतो, कागदपत्रं कोणती आणि घ्यावा की नाही

साकुराच्या (चेरीच्या फुलोऱ्याच्या) मोसमात जपानला निघालेल्या नाशिककरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बुलेट ट्रेनचा पास इथूनच काढून ठेवायचा का? काढता येतो. पण पात्रता आणि फायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एजंट सहसा पहिलीबद्दलच बोलतो.

पात्रता

हा पास म्हणजे ठरावीक दिवस जेआरच्या गाड्यांनी हवं तितकं फिरायची मुभा. तो जेआर (जपान रेल्वे) समूहातल्या सहा प्रवासी रेल्वे कंपन्या मिळून देतात. परदेशी पासपोर्ट असला की झालं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात जपानमध्ये उतरल्यावर इमिग्रेशनवाले पासपोर्टवर जे स्टिकर लावतात, त्यावर ‘टेंपररी व्हिजिटर’ असा दर्जा लागतो. म्हणजे मुलगा टोकियोत नोकरीला आहे आणि आईवडील त्याला भेटायला गेलेत, तर आईवडिलांना पास मिळेल, मुलाला नाही. डिपेंडंट व्हिसावर राहणाऱ्या सूनबाईंनाही नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यातून आठवडाभराच्या बैठकांसाठी शॉर्ट टर्म व्हिसावर गेलेल्या इंजिनिअरला मिळेल. तोच वर्षभराच्या ट्रेनिंगला गेला तर मिळणार नाही. सगळं कुटुंब मिळून फिरायचं असेल तर हा हिशेब आधीच करा, नाहीतर एकाच गाडीत चौघांचा पास आणि एकाचं पूर्ण तिकीट असा प्रकार होतो.

वयाचं म्हणाल तर ६ ते ११ वर्षांच्या मुलांना निम्मा दर. ज्येष्ठ नागरिकांना वेगळी सवलत नाही, हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कागदपत्रं

पासला खरं तर एकच कागद लागतो: मूळ पासपोर्ट, आत ते स्टिकर असलेला. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. विमानतळावरून बाहेर पडण्याआधी स्टिकर लागलंय ना, त्यावर दर्जा काय लिहिलाय, हे तिथेच पाहून घ्या.

त्याआधी व्हिसा. एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो. एकदाच प्रवेश, जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज मात्र व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातूनच जातो आणि आपल्याला सोयीचं केंद्र मुंबईत. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडली तर काम करून संध्याकाळी परतता येतं. फॉर्म, फोटो, पासपोर्ट, प्रवासाचा दिवसवार आराखडा, बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र हा मुख्य संच. यात लोक एका ठिकाणी हमखास अडकतात: उतरल्यावर व्हिसाची नोटीस फोनवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावी लागते. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा प्रिंट मान्य होत नाही. तेव्हा रोमिंग किंवा ई-सिम इथूनच चालू करून निघा.

पास घेण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग अधिकृत संकेतस्थळाचा. तिथे कार्डाने पैसे भरायचे, सीटही ऑनलाइन राखता येते आणि जपानमध्ये स्टेशनवर पासपोर्ट दाखवून पास हातात घ्यायचा. दुसरा मार्ग परदेशातल्या एजंटचा. एजंट पास देत नाही, ‘एक्स्चेंज ऑर्डर’ देतो. ती निघाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये जाऊन पासमध्ये बदलून घ्यावी लागते. दिवाळीत ऑर्डर घेऊन एप्रिलमध्ये जाणाऱ्याच्या हातात मुदत संपलेला कागद राहतो.

नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. आपल्याकडे गिव्हन नेमच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. ऑर्डरवर नुसतं ‘सुनीता पाटील’ आणि पासपोर्टवर तीन नावं, असं ठेवू नका. पास फक्त त्याच व्यक्तीचा असतो आणि नाव पासपोर्टशी ताडून बघतात.

नारिता, हानेदा, कान्साई हे विमानतळ आणि टोकियो, क्योटो, शिन-ओसाका अशा मोठ्या स्टेशनांवर बदलून घेण्याची खिडकी असते. तिथे पास कोणत्या तारखेपासून सुरू करायचा ते सांगायचं. बदलून घेतल्या दिवसापासून एक महिन्याच्या आतली कुठलीही तारीख चालते. उतरल्या दिवशीच सुरू करायची घाई नको. दिवस तारखेने मोजतात, तासांनी नाही, त्यामुळे रात्री नऊला पहिली गाडी पकडली तरी एक दिवस गेला. मिळालेला पास म्हणजे गेटमध्ये सरकवायचं लहानसं तिकीट. ते हरवलं तर दुसरं मिळत नाही.

घ्यावा का?

ऑक्टोबर २०२३ च्या दरवाढीनंतर साध्या डब्याचा सात दिवसांचा पास ५०,००० येन झाला, चौदाचा ८०,००० आणि एकवीसचा १,००,०००. त्याआधी सातचा पास ३० हजारांच्या आसपास होता. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ त्याच काळातले आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नका. आजचा दर अधिकृत संकेतस्थळावर बघूनच आकडेमोड करा.

टोकियो ते क्योटो एका बाजूचं तिकीट सुमारे १४,००० येन. टोकियो-क्योटो-ओसाका ही आपल्या बहुतेक ग्रुपांची सहल जाऊन-येऊन तीस हजार येनच्या आत बसते. त्यासाठी ५०,००० मोजणं म्हणजे नुसता तोटा. सुटी तिकिटं काढा. त्यात हिरोशिमा जोडलं तर आकडा पासाच्या जवळ येतो. सात दिवसांत हिरोशिमा आणि शिवाय कानाझावा किंवा सेंदाईसारखं लांबचं आणखी एक ठिकाण करणार असाल, तरच पास परवडतो. माझं मत विचाराल तर सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन पास वसूल करण्यासाठी रोज गाडीत बसवू नये.

पासावर नोझोमी आणि मिझुहो या सगळ्यात वेगवान गाड्या तशाच चालत नाहीत, वेगळे पैसे पडतात. टोकियो-क्योटो नोझोमीला ४,९६० येन. हिकारीने गेलात तर तेवढ्याच अंतराला साधारण अर्धा तास जास्त लागतो, पण वर काही द्यावं लागत नाही. नारिता एक्स्प्रेस, टोकियो मोनोरेल आणि मियाजिमा बेटावर जाणारी जेआरची फेरीबोट पासात येते. टोकियोची मेट्रो आणि ओदाक्यू, हांक्यूसारख्या खासगी कंपन्यांच्या गाड्या येत नाहीत. शहरातल्या फिरण्यासाठी सुइका किंवा इकोका हे पैसे भरून वापरायचं कार्ड घेतलेलं बरं, पास असो वा नसो.

पास बदलून घेतला आणि बेत फिसकटला, तर सुरू होण्याच्या तारखेआधी खिडकीवर परत करता येतो, काही रक्कम कापून. सुरू झाल्यावर नाही. एजंटकडची ऑर्डर परत करायची तर त्याच एजंटकडे, त्याच्या अटींवर.

सामानाला घरीच टेप लावा. टोकियोहून क्योटो-हिरोशिमाकडे जाणाऱ्या शिन्कान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर सामानाच्या जागेसह सीट राखावी लागते. त्याचे जादा पैसे नाहीत. न राखता चढवली तर १,००० येन. आणि २५० च्या वरची बॅग गाडीत घेतच नाहीत.